वेगोव्ही-झेपबाउंडचं कव्हर मधेच तुटू नये, म्हणून या चुका टाळा

अमेरिकेत वजन कमी करणारी ही इंजेक्शनं सुरू करताना प्रायर ऑथोरायझेशनसाठी, म्हणजे विमा कंपनीच्या आगाऊ मंजुरीसाठी, सगळेच धडपडतात. मंजुरी आली की कागद बाजूला पडतात आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने फार्मसीच्या काउंटरवर कळतं, की क्लेम रिजेक्ट झाला. मंजुरी ठरावीक मुदतीचीच असते. ज्याला औषध उत्तम लागू पडलंय, त्याचंच औषध कागदापायी थांबावं याचं मला फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा ते टाळता येतं.

नूतनीकरणाच्या अर्जात फक्त आजचं वजन देणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. दोन्ही औषधांना वजनासाठी मान्यता आहे ती बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त असेल तर, अथवा २७ किंवा त्याहून जास्त असून सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारखा त्रास असेल तर. समजा, उंची ५ फूट ८ इंच आणि वजन २१० पौंड; म्हणजे बीएमआय साधारण ३२. वर्षभरात वजन १७५वर आलं, की बीएमआय होतो २६.६. दवाखान्यातून चुकून नव्या रुग्णाचा फॉर्म गेला, तर तपासणाऱ्याला २६.६ एवढंच दिसतं आणि अर्ज नामंजूर होतो.

म्हणून अर्ज 'चालू उपचार' म्हणूनच जायला हवा. पुष्कळ विमा प्लॅन सुरुवातीच्या वजनाच्या किमान ५ टक्के घट मागतात, म्हणजे या उदाहरणात साडेदहा पौंड. डॉक्टरांच्या नोंदीत सरळ एक ओळ असू द्या: पहिल्या इंजेक्शनआधीचं वजन २१०, त्याची तारीख, आजचं १७५, घट १६.७ टक्के. दोन्ही वजनं दवाखान्यातल्या काट्यावरची असलेली बरी. घरी केलेली नोंद बरेच प्लॅन धरत नाहीत. गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात आला असला, तरी निदानांच्या यादीतून तो काढू देऊ नका.

पुण्या-मुंबईचे डॉक्टर बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा म्हणतात, आणि भारतीय शरीरासाठी ते योग्यच आहे. पण इथले बहुतेक प्लॅन ३० आणि २७च धरतात. २५च्या भरवशावर अर्ज करू नका.

भारतवारीत खंड पडू देणं

गावी दीड-दोन महिने राहायचं, तर रिफिलचं आधी बघा. प्रवासासाठी जादा पुरवठा मिळेल का, ते निघण्यापूर्वीच विमा कंपनीला विचारा. २०२५पासून वेगोव्ही भारतातही मिळतं, पण तिथे रोखीने घेतलेले डोस इथल्या क्लेममध्ये दिसत नाहीत. उपचार सोडले असं समजून काही प्लॅन परत पहिल्यापासून अर्ज मागतात. औषध कंपनीच्या सवलतीच्या कूपनवर घेतलेल्या डोसांचंही तसंच. ते अनेक ठिकाणी चालू उपचारात धरत नाहीत.

नोकरी किंवा प्लॅन बदलल्यावर जुनी मंजुरी चालेल असं धरून चालणं

ती आपोआप पुढे जात नाही. जुनं मंजुरीपत्र आणि सुरुवातीच्या वजनाची नोंद स्वतःकडे ठेवा. प्लॅन तोच असला तरी औषधांची यादी बदलते: १ जुलै २०२५पासून सीव्हीएस केअरमार्कने (विमा प्लॅनसाठी औषधांचं कव्हर सांभाळणारी कंपनी) आपल्या मुख्य यादीतून झेपबाउंड काढून वेगोव्हीला पसंती दिली. मुदत संपायच्या महिनाभर आधी डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करा. तेवढ्यात वजन करायची भेटही उरकते.

नकाराचं पत्र न वाचता अपील करणं

'निकष पूर्ण नाहीत' असं लिहिलं असेल, तर अपीलला अर्थ आहे. राहिलेली नोंद जोडा आणि डॉक्टरांना विमा कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलायला सांगा. पण वजनाची औषधंच प्लॅनमधून वगळलेली असतील, तर कितीही नोंदी जोडून सहसा उपयोग होत नाही. तिथे एचआरशी बोलावं लागतं, कारण बऱ्याच मोठ्या कंपन्यांत काय कव्हर करायचं ते मालकच ठरवतो. डॉक्टरांना एवढं मात्र विचारा, की हृदयविकार किंवा झोपेतला श्वासरोध आहे का. पहिल्यासाठी वेगोव्हीला मार्च २०२४मध्ये आणि दुसऱ्यासाठी झेपबाउंडला डिसेंबर २०२४मध्ये वेगळी मान्यता मिळाली आहे. त्या निदानावर काही प्लॅन औषध देतात.

खासगी विम्यात अंतर्गत अपीलला साधारणतः नकार कळल्यापासून १८० दिवस मिळतात. तिथेही नकार आला आणि वाद वैद्यकीय गरजेचा असेल, तर बाहेरच्या स्वतंत्र तपासणीसाठी चार महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. बरेच जण या टप्प्यापर्यंत जातच नाहीत. तुम्ही जरूर जा.