आयर्लंडची गोष्ट गावातल्या पोट्ट्यांना सांगायची असन तर असं करा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात वाचनालयाच्या ओट्यावर दर रविवारी संध्याकाळी इतिहासाचा एक विषय घेतो, स्पर्धा परीक्षेवाले पोट्टे असतात, दोन-चार म्हातारे असतात, कामं आटोपली की बायाही येऊन बसतात. आयर्लंडचा ब्रिटनविरुद्धचा स्वातंत्र्यलढा पहिल्यांदा घेतला तेव्हा माझं चुकलं, नुसती सनावळी वाचत बसलो आणि अर्ध्या तासात सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. दुसऱ्यांदा नेते बाजूला ठेवले अन् लोकांचं मत कसं फिरलं तेवढंच धरलं, तर लाईट गेली तरी कोणी उठलं नाही.

सुरुवात अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांपासून करा. ते टिळकांच्या होमरूल (म्हणजे साम्राज्यात राहूनच आपला कारभार आपण करायचा) चळवळीत होते, आणि हा होमरूल शब्दच आयर्लंडवरून आपल्याकडं आला म्हटलं की लोक सरसावून बसतात. मग सांगा की तिकडं होमरूल मागणाऱ्या रेडमंडच्या आयरिश पक्षानं ब्रिटिश संसदेत भांडून भांडून १९१४ मध्ये होमरूलचा कायदा पास करून घेतला, पण महायुद्ध लागलं म्हणून तो लगेच लांबणीवर टाकला.

आता तीन रिकामे डबे आणि मूठभर तुरी घ्या. डब्यांवर कागद चिकटवा: होमरूल, पूर्ण स्वातंत्र्य, ब्रिटनसोबतच. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची, कोणी डब्लिनचा दुकानदार, कोणी खेड्यातला शेतकरी, कोणी पाद्री, कोणी बेलफास्टच्या जहाज कारखान्यातला प्रोटेस्टंट कामगार, आणि एक चिठ्ठी अशी की नवरा ब्रिटिश फौजेत लढतोय अन् सरकारी भत्त्यावर घर चालतंय. ही शेवटची चिठ्ठी बाईलाच द्या. मग ज्यानं त्यानं आपला दाणा आपल्या डब्यात टाकायचा.

पहिला थांबा २४ एप्रिल १९१६. बंडवाल्यांचा नेता पीअर्स यानं डब्लिनच्या मोठ्या पोस्टासमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला, आठवडाभर गोळीबार, तोफा, ४५० च्या वर माणसं मेली आणि त्यात निम्म्याहून जास्त साधे नागरिक. शरण आलेल्यांना नेताना डब्लिनच्या कितीतरी लोकांनी त्यांना शिव्या घातल्या, हे लपवू नका. आपल्या पोट्ट्यांना वाटते क्रांतिकारक म्हटलं की पहिल्या दिवसापासून हारतुरे, इथंच त्यांना धक्का बसतो. दाणे बहुतेक हलत नाहीत.

दुसरा थांबा सगळ्यात सावकाश घ्या. ब्रिटिश सेनापती जनरल मॅक्सवेलनं बंडाच्या पुढाऱ्यांना फाशी... नाही, गोळ्या घालून मारलं, हा फरक आधीच नीट सांगा. आणि एका दमात १५ म्हणू नका, लोकांनी जसं ऐकलं तसं तारखेनं सांगा. ३ मेला ३, ४ मेला ४, ५ ला १, ८ ला ४, ९ ला दक्षिणेतल्या कॉर्क शहरात १, १२ ला २. प्रत्येक तारखेनंतर थांबा. त्यातल्या प्लंकेटनं मरायच्या काही तास आधी तुरुंगाच्या चॅपलमध्ये ग्रेस गिफर्डशी लग्न केलं, आणि कॉनली पायाला गोळी लागून उभा राहू शकत नव्हता म्हणून त्याला खुर्चीला बांधून मारलं. आमच्याकडं फौजीच्या बायकोची चिठ्ठी शेजारच्या काकूंकडं होती, त्यांनी आपला दाणा डब्यातून काढला, बराच वेळ मुठीत धरून बसल्या आणि म्हणे, "जखमी माणसाले खुर्चीले बांधून माराचं, हा कोन्ता न्याय हाय?" मग दाणा दुसऱ्या डब्यात टाकला. मी काही बोललो नाही.

पण त्या नऊ-दहा दिवसांतच सगळा देश फिरला असं सांगू नका, ते खोटं होईल. १९१७ च्या पोटनिवडणुका सांगा, त्यात पूर्ण स्वातंत्र्यवाला शिन फेन पक्ष जिंकू लागला, आणि एप्रिल १९१८ चा सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा तर सोडूच नका, कारण तो शेतकऱ्याला लगेच समजतो: पेरणी तोंडावर अन् घरातला तरणा पोरगा उचलून नेणार. बिशपसुद्धा विरोधात गेले, २३ एप्रिलला संप झाला.

मग डिसेंबर १९१८ ची निवडणूक. १०५ पैकी ७३ जागा शिन फेनला, रेडमंडचा जुना पक्ष ६ वर. कोणी हुशार पोट्टा विचारन की मतं किती, तर सांगा सुमारे ४७ टक्के, पण २५ जागा बिनविरोध होत्या म्हणून नुसत्या टक्क्यावर जाऊ नये. आणि ३० वर्षांवरच्या बऱ्याच बायांना पहिल्यांदाच मत मिळालं होतं, म्हणजे जुन्यांचं मत बदललं की नवे मतदार आले, यावर अर्धा तास भांडू द्या. बेलफास्टवाल्याचा दाणा ब्रिटनसोबतच्या डब्यातच राहील, त्याला कोणी टोचून बोललं तर थांबवा, पुढं उत्तरेचे सहा जिल्हे वेगळे का राहिले ते त्या एका दाण्यावरून कळते.

यानंतर शिन फेननं डब्लिनमध्ये आपली वेगळी संसद, डॉइल, बसवली अन् ब्रिटिशांशी लढाई सुरू झाली. इथं चौथा डबा काढा, लंडनच्या लोकांचा. कॉर्कचा महापौर मॅकस्विनी ७४ दिवस उपाशी राहून २५ ऑक्टोबर १९२० ला ब्रिक्स्टन तुरुंगात मेला, डिसेंबरमध्ये सरकारच्याच माणसांनी कॉर्क शहराचा मधला भाग जाळला, अन् मग इंग्लंडमधलेच पेपर आपल्या सरकारला जाब विचारू लागले. ११ जुलै १९२१ ला लढाई थांबली.

मग ब्रिटनशी झालेल्या तहावर डॉइलमध्ये ६४ विरुद्ध ५७ मतं पडली तिथं त्या दिवशी थांबा. चिठ्ठ्या परत घेऊ नका, पुढच्या रविवारी या तहावरून झालेली यादवी घ्यायची आहे आणि त्यात एकाच डब्यातले दाणे वेगळे काढावे लागतात.