'आसुरी' हा शब्द नेमका कुठे वापरावा

दुष्टपणाची परिसीमा सांगायची वेळ आली की मराठीत लिहिणाऱ्याच्या हाताशी राक्षसी, पैशाचिक, पाशवी, अघोरी, अमानुष, सैतानी आणि आसुरी असे शब्द एकदम गर्दी करतात आणि बातमी असो, निषेधाचे पत्रक असो वा निबंध, जो शब्द आधी सुचेल तो लिहून बहुतेक जण मोकळे होतात. त्यांपैकी 'आसुरी' या शब्दाची ओढाताण सर्वांत जास्त होते, कारण 'अतिशय क्रूर' असे म्हणण्याचा तो एक भारदस्त प्रकार आहे, असा समज रूढ झाला आहे. वास्तविक हा शब्द क्रौर्य किती होते ते सांगत नाही. ते करणाऱ्याच्या मनात काय होते ते सांगतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्म्याहून अधिक चुका टळतात.

असुर म्हणजे कोण, हे कोल्हापुरात तरी फार समजावून सांगावे लागू नये, कारण पारंपरिक कथेनुसार गावाच्या नावातच एक असुर आहे. देवीने कोल्हासुराचा वध केला आणि मरताना त्याने या क्षेत्राला आपले नाव राहावे असा वर मागितला, अशी करवीर माहात्म्यातील कथा सांगितली जाते. आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तेथे कुमारिकेच्या हस्ते त्रिशुळाने कोहळा फोडण्याचा विधी होतो आणि त्या कोहळ्याचा तुकडा हाती लागावा म्हणून भाविकांची झुंबड उडते. हा कोहळा असुरवधाचे प्रतीक मानला जातो. शब्दार्थाच्या दृष्टीने या कथेत महत्त्वाचे काय, तर हा असुर बुद्धिहीन श्वापद नाही. पुराणांतले असुर तप करतात, वर मिळवतात, राज्य चालवतात आणि मग त्या सामर्थ्याच्या मदाने इतरांना छळतात. म्हणून 'आसुरी' म्हणण्यासाठी सामर्थ्य, समज आणि हेतू या तीनही गोष्टी असाव्या लागतात. भुकेपोटी भाकरी चोरणारा, भांडणात भान सुटलेला किंवा भीतीने वार करणारा माणूस गुन्हेगार ठरेल, पण त्याची कृती आसुरी ठरत नाही.

याला सर्वांत भक्कम आधार भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात सापडतो. 'दैवासुरसंपद्विभागयोग' या नावाच्या या अध्यायातील चौथ्या श्लोकात दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा आणि अज्ञान ही आसुरी संपत्तीची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत रक्तपाताचा उल्लेखही नाही. पुढे चौदाव्या श्लोकात आसुरी वृत्तीचा माणूस 'हा शत्रू मी मारला, दुसऱ्यांनाही मारीन' असे बोलतो. 'मारला' या कृतीपेक्षा 'मी' या उच्चारातली फुशारकी तिथे अधिक बोचते. मराठीत 'आसुरी' या विशेषणाला 'आनंद' हे नाम जितके सहज चिकटते तितके दुसरे कोणतेही चिकटत नाही, ते यामुळेच. दुसऱ्याचे वाईट होताना पाहून जो सुखावतो, त्या सुखाला 'राक्षसी आनंद' म्हटले तर कानाला खटकते, आणि 'पाशवी आनंद' म्हटले तर अर्थच बदलतो.

राक्षसी आणि पैशाचिक यांच्यापासून आसुरी वेगळा कसा काढायचा, यासाठी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील आठ विवाहप्रकारांची यादी उपयोगी पडते. त्या व्यवस्थेला आज प्रमाण मानण्याचे काहीच कारण नाही, राजर्षी शाहूंच्या गावात तर नाहीच नाही. पण तीन शब्दांमधील भेद मात्र तिथे विलक्षण स्पष्ट आहे. द्रव्य देऊन मुलगी मिळवणे हा आसुर, नातलगांना मारून, घर फोडून, आक्रोश करणाऱ्या मुलीला बळाने पळवणे हा राक्षस, आणि निजलेल्या, नशेत असलेल्या किंवा भानावर नसलेल्या मुलीला एकांतात गाठणे हा पैशाच. म्हणजे आसुराकडे आपल्या ताकदीने काहीही विकत घेता येते असा माज आहे, राक्षसाकडे उघड हिंसा आहे, तर पिशाचाकडे असहायाचा चोरून घेतलेला गैरफायदा आहे. बेशुद्ध रुग्णावर किंवा अजाण बालकावर झालेल्या अत्याचाराला 'पैशाचिक' हाच शब्द का शोभतो, याचे उत्तर इथे मिळते.

आता प्रत्यक्ष लिहिताना काय करावे? पहिली कसोटी अशी, की कर्ता माणूस आहे का आणि त्याने हे जाणूनबुजून केले आहे का, ते पाहावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांविषयी लिहिताना पंचगंगेने 'आसुरी रूप' धारण केल्याचे लिहिणे चूकच आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून नदी वर येते तेव्हा तिच्या मनात काही नसते. तिथे 'रौद्र' लिहावे, फार तर आकाराच्या अंगाने 'राक्षसी' चालेल. मात्र त्याच पुरात अडकलेल्यांची असहायता हेरून कोणी पिण्याच्या पाण्याचे दाम दसपट करत असेल आणि वर आपल्या हुशारीची बढाई मारत असेल, तर त्या लोभाला 'आसुरी' म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

दुसरी कसोटी अदलाबदलीची. 'आसुरी'च्या जागी 'प्रचंड' ठेवून वाक्य तसेच उभे राहत असेल, तर तुम्हाला 'राक्षसी' म्हणायचे आहे. राक्षसी भूक, राक्षसी बहुमत, राक्षसी महत्त्वाकांक्षा या प्रयोगांत दुष्टपणापेक्षा आकारच अधिक असतो. 'क्रूर' ठेवून काहीही हरवत नसेल, तर सरळ 'क्रूर' लिहावे. 'अमानुष' हा वागणुकीबद्दलचा शब्द आहे, म्हणून मारहाण अमानुष असते. 'अघोरी' हा उपायाबद्दलचा किंवा प्रथेबद्दलचा आहे. २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याच्या पूर्ण नावात 'अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा' अशी शब्दयोजना आहे आणि ती नेमकी आहे. गंमत अशी, की 'अघोर' म्हणजे मुळात 'जो घोर नाही तो', शिवाचे एक सौम्य नाव. मराठीने त्याचा अर्थ पार उलटा करून टाकला.

'सैतानी' हा शब्द अरबी-फारसीकडून आलेला असल्याने त्याच्यामागे असुरांची कथा नाही. तो लेखनात चालतो, पण थोडा भडक वाटतो. शिवाय बोलण्यात सैतानाची धार केव्हाच बोथट झाली आहे. सैतानाचेच दुसरे नाव असलेला 'इब्लिस' आपल्याकडे 'लई इब्लिस हाय हे पोरगं' असा कौतुकाच्या रागाने वापरला जातो आणि ते ऐकून पोरगेही खूश होते. 'आसुरी' शब्द मात्र कट्ट्यावर कोणी उच्चारत नाही. तिथे 'लई बाराचं बेणं' यावर काम भागते. हा लेखी भाषेचा शब्द आहे आणि एका मजकुरात तो एकदाच यावा. दुसऱ्यांदा येताच त्याचे वजन निम्मे होते.

विशेषण कृतीला किंवा वृत्तीला लावावे, माणसाला किंवा समूहाला नव्हे. 'आसुरी कृत्य' असे लिहिता येते. आरोप सिद्ध होण्यापूर्वी एखाद्याला 'असुर' म्हणणे हे न्यायनिवाडा करण्यासारखे आहे. शिवाय झारखंडमध्ये असुर नावाचा आदिवासी समाज आजही राहतो आणि लोखंड गाळण्याच्या परंपरागत कौशल्यासाठी तो ओळखला जातो, हेही लिहिणाऱ्याने विसरू नये.

लेखनाच्या बाबी थोड्याच आहेत. नाम 'असुर', विशेषण 'आसुरी'. 'असुरी' असे लिहू नये. संस्कृतात 'आसुरी' हे स्त्रीलिंगी रूप असले तरी मराठीत ते तिन्ही लिंगांत आणि दोन्ही वचनांत तसेच राहते: आसुरी आनंद, आसुरी लालसा, आसुरी कृत्ये. 'पिशाच्च' असे जोडाक्षर मराठीत रूढ असले तरी विशेषण 'पैशाचिक' असेच लिहावे. 'आसुरीपणा' हे भाववाचक नाम करता येते, पण ते ओबडधोबड वाटते. त्यापेक्षा वाक्य फिरवून 'आसुरी वृत्ती' म्हणावे.