‘समथिंग वेंट राँग’ म्हणून मोकळे होऊ नका: वेब अ‍ॅपमधल्या या चुका टाळा

परभणीजवळच्या गावात चुलतभावाचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पेरणीच्या दिवसांत तिथं बसलो होतो. एका काकांचा अर्ज भरून भावानं ‘सबमिट’ दाबलं. चक्र फिरत राहिलं आणि लाल पट्टी आली: ‘समथिंग वेंट राँग’. काकांनी विचारलं, ‘काय म्हणायलंय हे? झालं का नाही माझं?’ भावाला सांगता येईना. त्यानं पुन्हा बटण दाबलं आणि फी दोनदा कापली गेली.

मी वेब अ‍ॅप बनवतो. एररचा मजकूर लिहिताना आता काकांचा प्रश्न समोर ठेवतो: झालं का नाही?

टाइमआउटला ‘अयशस्वी’ म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. टाइमआउट म्हणजे ठरलेल्या वेळेत सर्व्हरचं उत्तर न येणं. पण उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं. सर्व्हरनं अर्ज नोंदवलेला असतो, पैसेही घेतलेले असतात. फक्त परतीच्या वाटेवर रेंज गेलेली असते. आपल्याकडं एक ढग आला तरी रेंज जाते. अशा वेळी खरं तेच लिहा: ‘सर्व्हरकडून उत्तर आलं नाही. अर्ज जमा झाला असू शकतो. पुन्हा पैसे भरण्याआधी “माझे अर्ज” मध्ये बघा.’

बटण निष्क्रिय करणं पुरेसं नाही, कारण माणूस पान रिफ्रेश करतो. प्रत्येक अर्जाला सुरुवातीलाच एक वेगळी खूण द्या, ती मसुद्यासोबत जपून ठेवा आणि सर्व्हरकडे पाठवा. तीच खूण दुसऱ्यांदा आली की सर्व्हरनं नवं काम न करता जुनंच उत्तर परत द्यावं. यालाच आयडेम्पोटन्सी की म्हणतात.

उलटी चूकही होते. जावास्क्रिप्टचं फेच, म्हणजे सर्व्हरकडे विनंती पाठवणारं फंक्शन, ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) आलं तरी एरर फेकत नाही; विनंती नेटवर्कवरच अडली तर फेकतं. उत्तर यशस्वी आहे का हे सांगणारं ‘रिस्पॉन्स डॉट ओके’ तपासलं नाही, तर सर्व्हर कोसळलेला असताना पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘अर्ज जमा झाला’ येतं. माणूस निश्चिंत होऊन घरी जातो आणि मुदत टळून जाते.

मराठी अंकांना चूक ठरवणं

मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की नंबर ९८… असा देवनागरीत पडतो. नंबर बरोबर, दहा आकडी, तरी मेसेज येतो: ‘अवैध क्रमांक’. बिचारा माणूस तोच नंबर चारदा टाकतो. कारण जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर तपासायच्या साच्यातला) अंकांचा शॉर्टकट फक्त इंग्रजी अंक ओळखतो. सर्व्हरवर पायथन ३ ही भाषा असेल तर तिचं int() मात्र देवनागरी अंकांचं रूपांतर स्वतः करतं. ब्राउझरमध्ये ते आपण करायचं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६. अंकाच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की किंमत हातात. चार ओळींचं काम आहे, आणि ते न करता वापरणाऱ्याला दोष देणं मला अन्याय वाटतं.

चूक खरंच असेल तर ती त्या रकान्याखाली, शब्दांत लिहा. नुसती लाल चौकट स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला कळत नाही. आणि एका रकान्यापायी अख्खा फॉर्म कोरा करू नका.

डेटाबेसची एरर जशीच्या तशी दाखवणं

टेबलांची नावं, फाइलचे मार्ग घुसखोराच्या कामाचे, काकांच्या नाहीत. ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, जाऊ द्या. पडद्यावर एक छोटा संदर्भ क्रमांक द्या, फोनवर वाचून सांगता येईल असा, आणि तोच लॉगमध्येही ठेवा.

हे सगळं तपासायला ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मंद करा, ‘सबमिट’ दाबा आणि लगेच ऑफलाइन करा. मग पडद्यावर जे येईल ते फॉर्म भरून देणाऱ्या एखाद्या पोराला वाचायला द्या आणि विचारा, ‘झालं का नाही?’