आमचं वर्ष रोवणीला सुरू होतं

संशोधनात यायचंय म्हणून विचारायला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी महिने सांगते. जनावरांकडून, गोचिडा-डासांकडून माणसाला होणाऱ्या आजारांवर काम करायचं तर विद्यापीठाचं कॅलेंडर भिंतीवरच राहू द्या. आमचं वर्ष धानाच्या रोवणीला सुरू होतं आणि कापणीला संपतं. ते हुकलं की थेट पुढचा पावसाळा.

मी भंडारा जिल्ह्यातली, पशुवैद्यक. बीव्हीएससी झाल्यावर घरच्यांचं म्हणणं एकच होतं, एमपीएससी दे, पशुधन विकास अधिकारी हो. त्यात गैर काही नव्हतं. पण 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा मी पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य विषयात एमव्हीएससी करत होते. तिथून माझी वाट लागली, दोन्ही अर्थांनी.

हा आजार ‘ओरिएन्शिया’ नावाच्या जिवाणूचा. तो माणसात सोडतो चिगर, म्हणजे एका माइटची (गोचिडाच्या जातकुळीतल्या बारीक जिवाची) सहा पायांची अळी. डोळ्यांना जेमतेम दिसते. संध्याकाळी बांधावर, गवताच्या कडेला शर्मन सापळे, म्हणजे उंदीर जिवंत पकडणारे पत्र्याचे डबे, लावायचे. आमिष म्हणून पुस्तकात पीनट बटर असतं, आमच्याकडे भज्याच्या तेलात बुडवलेली पोळी चालते. पहाटे सापडलेल्या उंदराचा कान भिंगाखाली धरला की आतल्या बाजूला शेंदरी रवा सांडल्यासारखा दिसतो. तो प्रत्येक कण म्हणजे एक चिगर. नवा मुलगा लगेच उंदराला गुन्हेगार ठरवतो. खरं तर जिवाणू माइटच्या मादीकडून अंड्यांत, अंड्यांतून अळीत असा घरातच फिरतो, आणि अळी आयुष्यात एकदाच चावते. उंदीर फक्त तिला जेवू घालतो आणि या बांधावरून त्या बांधावर नेतो.

(सापळे ॲल्युमिनियमचे असतात. माझे दोन भंगारात गेले. लावायच्या आधी गावात चार माणसांना सांगून ठेवा. “मॅडम, उंदरं कायले पायजे तुमाले?” हा प्रश्न येणारच, त्याचं नीट उत्तर द्या.)

पहिल्या हंगामात सहा आठवडे गोळा केलेले चिगर मी 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आणि कुप्यांवर मार्करने नावं घातली. जीपच्या हादऱ्यांनी दोन-तीन झाकणं सैल झाली, अल्कोहोल झिरपलं, आणि नागपूरला डबा उघडला तेव्हा सगळ्या कुप्यांवर निळे ओघळ. कोणता उंदीर, कोणता बांध, कोणती तारीख, काही कळेना. चिगर शाबूत होते, पण उपयोग शून्य. तेव्हापासून पेन्सिलीने जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिहिते आणि चिठ्ठी कुपीच्या आत टाकते. पेन्सिल अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. हे मला पाच वर्षांच्या डिग्रीत कोणी सांगितलं नव्हतं.

माणसांकडे बघायलाही शिकावं लागतं. चिगर चावतो तिथे काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. प्रत्येकाला येत नाही, पण आली तर निदान तिथेच अर्धं होतं. ती बहुधा काखेत, जांघेत, परकराच्या नाडीखाली असते. आठ दिवस तापाने फणफणलेल्या एका निंदणवालीला आशाताईंनी आडोशाला नेऊन पाहिलं, तर कमरेवर खपली. आधी का नाही सांगितलं? “दुखे नाई, मंग कायले सांगाव?” डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने बरा होणारा आजार अशाने अंगावर निघतो.

पशुवैद्यक नसाल तरी दार उघडं आहे. प्राणिशास्त्रात बीएस्सी केलेल्यांसाठी पुदुच्चेरीच्या आयसीएमआर-व्हीसीआरसीत, म्हणजे कीटकांमार्फत पसरणाऱ्या आजारांच्या संशोधन केंद्रात, सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एमएस्सी आहे. डास, वालुमाशी, गोचीड अचूक ओळखणारी माणसं फार थोडी आहेत. प्रयोगशाळेत पीसीआर, म्हणजे जंतूची जनुकीय तपासणी, करणारे शंभर मिळतात. आणि वालुमाशीचं काम विदर्भाला परकं नाही. वालुमाशीमार्फत पसरणाऱ्या चांदीपुरा विषाणूला हे नाव नागपूरच्या वस्तीवरून पडलं. तो 1965 मध्ये तिथल्या रुग्णांच्या रक्तात सापडला.

पैशांचं थोडक्यात सांगते. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत. नाहीतर प्रकल्पातली कंत्राटी नोकरी. एका ठिकाणी माझा पगार चार महिने अडला होता आणि ते महिने नेमके जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे पेट्रोल सगळं पदरचं. तेवढी शिल्लक गाठीला ठेवूनच उतरा.

परवानग्या मात्र जानेवारीतच मागा. माणसाच्या रक्तासाठी एक नैतिकता समिती, प्राण्यांसाठी दुसरी, जंगलात सापळे लावायचे तर वनविभाग. तिघांची गती वेगळी, आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही.

यंदाचे सापळे धुऊन, वाळवून ठेवलेत. धानाचे पऱ्हे टाकून झालेत. वनविभागाचं पत्र अजून यायचंय.