पोस्टग्रेस की ओरॅकल? ३१ मार्चची रात्र दोन्हींवर चालवून बघा

सांगलीत सहकारी पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत मी डेटाबेस सांभाळते. पोस्टग्रेस आणि ओरॅकल ही खात्यांचा डेटा सांभाळणारी दोन सॉफ्टवेअर्स. सर्व्हर बदलायची वेळ आली की संस्थेचे संचालक विचारतात, "मॅडम, फुकटचं पोस्टग्रेस चालेल ना? की ओरॅकलच घ्यायचं?" मी उलट विचारते, गेल्या ३१ मार्चला तुमची व्याज आकारणी किती वाजता संपली? तुलना करायची ती त्या रात्रीच्या कामावर.

वेगाचे तयार तक्ते शोधण्यात वेळ घालवू नका. परवानगीशिवाय चाचणीचे निकाल जाहीर करू नयेत, असं कलम ओरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एस्क्यूएल सर्व्हर यांच्या परवान्यांत वर्षानुवर्षं दिसतं. त्यामुळे मोजणी आपली आपणच करावी लागते.

आधी पैशाचा कागद मांडा, आणि तो पाच वर्षांचा मांडा. ओरॅकल एंटरप्राइझचा, म्हणजे मोठ्या आवृत्तीचा, परवाना कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या भागांवर) मोजतात. इंटेलच्या नेहमीच्या सर्व्हरवर कोअरची संख्या ०.५ ने गुणायची, म्हणजे १६ कोअरला ८ परवाने. वर सपोर्टचे दरसाल परवान्याच्या किमतीचे २२ टक्के. दर वाढला नाही असं धरलं तरी पाच वर्षांत मूळ किमतीच्या २.१ पट पैसे जातात. पार्टिशनिंगचा (मोठं टेबल तुकड्यांत ठेवायची सोय) आणि डायग्नोस्टिक्स पॅकचा (वेग कुठे अडतो ते दाखवणारी साधनं) परवाना एंटरप्राइझवर वेगळा घ्यावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये पार्टिशनिंग आतच आहे. पण तुमची संस्था लहान असेल तर ओरॅकलच्या स्टँडर्ड एडिशन २ शी तुलना करा, ती बरीच स्वस्त पडते. एंटरप्राइझचा आकडा दाखवून पोस्टग्रेस गळ्यात मारणं मला पटत नाही. आणि पोस्टग्रेसच्या रकान्यात शून्य लिहून मोकळं होऊ नका. बॅकअप समजणारा माणूस, सपोर्टचा करार, दुसरा सर्व्हर, हे सगळं तिथे लिहा.

मग खरा डेटा घ्या. नावं आणि आधार क्रमांक झाकून गेल्या मार्चची प्रत काढा. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा मराठी नावांनीच अडवलं. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ या मजकुराच्या रकान्याची लांबी कशात मोजायची ते सांगितलं नाही तर ती सहसा बाइटमध्ये मोजली जाते, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'महाराष्ट्र' या शब्दात १० चिन्हं आहेत (काना आणि हलन्त धरून), म्हणजे ३० बाइट. २० बाइटच्या रकान्यात तो मावतच नाही, नोंद नाकारली जाते. तिथे लांबी कॅरेक्टरमध्ये सांगावी लागते. पोस्टग्रेस मुळातच चिन्हं मोजतं. सभासदांची यादी लावून 'ळ' कुठे येतो तेही पाहा: आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर, पण युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीच्या) नुसत्या क्रमाने लावलं तर 'ल' ला चिकटून येतो.

दुसरी गोष्ट जास्त घातक. ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल (माहितीच भरलेली नाही) एकच. पोस्टग्रेसला नाही. आमच्या चाचणीत पॅन नसलेल्या ठेवीदारांची यादी एकदम आखूड आली, कारण यादी नल शोधत होती आणि नव्या फॉर्ममधून पॅनच्या जागी रिकामी स्ट्रिंग जात होती. टीडीएसच्या दिवसांत हे सापडलं असतं तर संस्थेची धावपळ झाली असती. अशा क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) एकेक करून तपासा.

आता आकारणी चालवा. मशीन दोन्हीकडे तेच हवं, आणि त्याच वेळी पिग्मीचा भरणाही चालू ठेवा. तीनदा चालवून पहिली वेळ सोडून द्या. पोस्टग्रेसमध्ये बदललेल्या ओळीची जुनी प्रत टेबलातच पडून राहते, व्हॅक्यूम नावाची सफाई ती जागा मोकळी करते. ओरॅकल जुनी प्रत अनडू नावाच्या जागेत वेगळी ठेवतं. एका रात्रीत प्रत्येक खातं दोन-तीनदा अपडेट होत असेल तर ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारी हीच सफाई) मागे पडतोय का, यावर डोळा ठेवा. पोस्टग्रेस इथे लक्ष मागतं, आणि ते द्यायला माणूस नसेल तर मी थांबायला सांगते.

व्याजाचं गणित पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या पॅकेजमध्ये (एकत्र बांधलेल्या प्रोग्राममध्ये) असेल तर पोस्टग्रेसवर नेण्यासाठी ओराटूपीजी हे साधन चालवून कामाचा अंदाज काढा. पोस्टग्रेसमध्ये ओरॅकलसारखी पॅकेजेस नाहीत, सगळा खर्च इथेच लपलेला असतो. अनेक सर्व्हरवरून एकाच डेटाबेसवर एकदम लिहायचं असेल तर ओरॅकलकडे त्यासाठी रॅक नावाची सोय आहे, मूळ पोस्टग्रेसमध्ये तसं काही नाही. पहिला सर्व्हर बंद पडला तर पत्रोनी हे साधन लावून दुसरा सर्व्हर पुढे आणता येतो, मध्ये थोडा खंड पडतो. दहा वाजता काउंटर उघडणाऱ्या पतसंस्थेला तेवढा खंड चालतो, म्हणून माझा कौल बहुतेक वेळा पोस्टग्रेसला जातो.

शेवटी रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा करणं. तो मी स्वतः करत नाही. पायऱ्या कागदावर लिहून ऑफिसातल्या सगळ्यात नव्या मुलाला रविवारी बसवते आणि घड्याळ लावते. त्याचं जिथे अडतं तिथे कागद दुरुस्त होतो, आणि लागलेली मिनिटं दोन्ही डेटाबेससाठी पैशाच्या आकड्यांशेजारी लिहिली जातात.