टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी घरात काय विचारायचं

उत्तर नागपुरातल्या माझ्या वस्तीत मी आशाताई. टीबीचं औषध सुरू झालं की पहिल्याच दिवशी फोन येतो, "ताई, लघवी लाल झाली, कावीळ झाली काय?" नाही ना बाप्पा! ती टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधाची करामत. रंग संत्र्याच्या रसासारखा असतो. काविळीची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट दिसते. तरी शंका असेल तर पेशंटला अंगणात उजेडात आणा, ट्यूबलाइटखाली नको. खाली बघायला सांगा, वरची पापणी उचला आणि डोळ्याचा पांढरा भाग बघा.

टीबीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन लिव्हरला त्रास देऊ शकतात, तोही बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत. म्हणून मी चौकशी पहिल्या गोळीआधीच उरकते.

सगळ्यात आधी दारू. "पिता का?" विचारलं की सगळेच नाही म्हणतात. माझ्या सासऱ्यांचंच घ्या. तेव्हा मी आशा नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, सासूबाई शेजारी उभ्या, मामंजींनी नकारार्थी मान हलवली आणि आम्ही सगळे गप्प. रोजची मोहाची कोणीच सांगितली नाही. पाचव्या आठवड्यात डोळे हळदीसारखे. आता मी माणसाला एकट्याला बाहेर नेते आणि विचारते, "शेवटची कधी घेतली?" उत्तर लगेच येते.

मग वजन. मोठ्या माणसाला 25 ते 34 किलोला रोज चारही औषधं एकत्र असलेल्या 2 गोळ्या, 35 ते 49 ला 3, 50 ते 64 ला 4. अंदाजे आकडा चालत नाही, काट्यावर चढवा. वाळलेल्या, उपाशी शरीराला धोका जास्त. टीबीच्या पेशंटला सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये मिळतात, ते अंडी-डाळीवर जाऊ द्या.

म्हातारपण, बाईमाणूस, नुकतीच बाळंतीण, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही, आधीचा लिव्हरचा आजार: यातलं काही असेल तर डॉक्टरांना सांगा. म्हणून गोळ्या टाळायच्या नाहीत, सुरुवातीलाच एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्यायची आणि मधे पुन्हा.

आणि औषधांची पिशवी खाटेवर उलटी करायला लावा. फिटच्या गोळ्या, रोजचं पॅरासिटामॉल, गुळवेलीचा काढा, काविळीचा झाडपाला, सगळं त्यातच निघतं.

डोळे पिवळे दिसले, किंवा उलट्या होऊन जेवण तुटलं, तर पुढचा डोस थांबवा आणि त्याच दिवशी गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन दवाखाना गाठा. त्या तपासणीतलं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) सामान्य मर्यादेच्या तिपटीवर आणि त्रासही, किंवा त्रास नसताना पाचपट असेल, तर डॉक्टर औषध थांबवतात. लिव्हर सावरलं की एकेक औषध पुन्हा चढवतात. आपल्या मनाने सगळं एकदम सुरू करायचं नाही.

मामंजींचं औषध असंच एकेक सुरू झालं. त्या वेळी डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मामंजी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "पितात. रोज पितात."