डबा मॉनिटर काढून फ्लॅट स्क्रीन लावताना काय काय बघायचं (खास डीटीपीवाल्यांसाठी)

आमच्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या) दुकानात विंडोज एक्सपीवाला जुना पीसी अजून रोज चालतो, कारण पानं लावायचं पेजमेकर ७ आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा जुना डोंगल (पीसीला लावायची लायसन्सची किल्ली) त्याच्यावरच चालतो आणि इतक्या वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फायली तिथेच आहेत. त्याचा १७ इंची डबा मॉनिटर (जुना काचेच्या ट्यूबवाला, म्हणजे सीआरटी) शेवटी गेला, चित्र थरथरायला लागलं आणि दुपारपर्यंत डोकं दुखायचं, म्हणून फ्लॅट स्क्रीन लावली. मला वाटलं केबल काढायची, केबल लावायची, झालं. तसं नाहीये. ज्यांच्याकडे असा पीसी आहे त्यांचा वेळ वाचावा म्हणून सगळं लिहितोय.

आधी साइज. १७ इंची डब्यात दिसणारा भाग साधारण १६ इंचच असतो, बाकी काच प्लॅस्टिकच्या आत जाते. म्हणजे उंची भरते साडेनऊ इंचाच्या आसपास. आता दुकानदार १८.५ इंची वाइड स्क्रीन दाखवतो आणि आपल्याला वाटतं मोठी आहे, पण तिची उंची जेमतेम ९ इंच, म्हणजे डब्यापेक्षाही कमी! मला हेच सांगून विकायला बघत होते, बरं झालं मी पट्टी घेऊन गेलो होतो. पत्रिका, हँडबिल, ए४ पान हे सगळं उभं काम, त्यामुळे उंचीच बघा. ए४ ची उंची ११.७ इंच. जुनी चौकोनी १९ इंची एलसीडी, ती ५:४ वाली, तिची उंची जवळपास ११.९ इंच भरते आणि २४ इंची वाइडची ११.७ च्या आसपास. मी सेकंडहँड १९ इंची चौकोनी घेतली आणि माझं मत विचाराल तर जुन्या पीसीला हीच बेस्ट, कारण मागे व्हीजीए, म्हणजे जुन्या पीसीच्या मॉनिटर केबलचा पोर्ट, असतंच.

नवीन वाइड घेणार असाल तर मागचे पोर्ट बघूनच पैसे द्या, बऱ्याच नव्या स्क्रीनला आता फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतं. व्हीजीएमधून ॲनालॉग सिग्नल निघतो आणि एचडीएमआयला डिजिटल लागतो, त्यामुळे एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली साधी केबल आणून काही होत नाही, मधे सर्किटवाला कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुतेक वेळा यूएसबीतून पॉवर द्यावी लागते. शिवाय जुन्या ऑनबोर्ड ग्राफिक्समध्ये १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या रिझोल्यूशनचा ऑप्शन येईलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जुना मॉनिटर काढायच्या आधी रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढलं जातं तो आकडा) ६० वर आणा. डब्यावर ६० हर्ट्झला स्क्रीन फडफडते म्हणून आपण सगळ्यांनी ८५ करून ठेवलेलं असतं. मी तसाच काढला, नवीन लावला, विंडोजचा लोगो दिसला आणि मग काळ्या स्क्रीनवर नुसतं 'आउट ऑफ रेंज', आणि समोर गिऱ्हाईक प्रूफ बघायला बसलेलं. बऱ्याच एलसीडी ७५ च्या वर जातच नाहीत. एलसीडीत चित्र स्थिर राहतं, सारखं विझत-पेटत नाही, त्यामुळे ६० ला डोळ्यांना काही त्रास नसतो. तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, मॉनिटर आणि तिथे ६०. माझ्यासारखे अडकलातच तर पीसी सुरू होताना एफ८ दाबत राहा आणि 'एनेबल व्हीजीए मोड' निवडा.

स्क्रीन लागली की रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे किती ठिपके ते. डब्याला कुठलंही चालायचं, फ्लॅट स्क्रीनला तिचं स्वतःचं एकच असतं कारण तिच्यात ठिपके मोजूनच बसवलेले असतात. १७ आणि १९ चौकोनीला ते बहुतेक १२८० बाय १०२४. तुम्ही जुनं १०२४ बाय ७६८ तसंच ठेवलं तर गोल कलश अंड्यासारखा उभट दिसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे अक्षरं पसरतात. मी झूम करून बघितलं, शिरोरेषा एका अक्षरावर जाड, पुढच्यावर बारीक आणि फिकी, आणि रफार व अनुस्वार एकमेकांत मिसळून नुसता एक करडा डाग. अशा स्क्रीनवर प्रूफ वाचलं तर चूक छापून जाणारच, आणि पत्रिकेत नाव चुकलं की त्या घरी काय होतं ते आपल्याला माहितीये. अक्षरं बारीक वाटली तर पान झूम करा पण रिझोल्यूशन कमी करू नका.

मग स्क्रीनवरचं ऑटो बटण दाबा, पण पांढरं पान पूर्ण उघडून मगच, म्हणजे तिला कडा बरोबर सापडतात. आणि एक्सपीत क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा नीट करणारी सोय) आपणहून चालू नसतं, त्याच प्रॉपर्टीजच्या अपिअरन्समध्ये इफेक्ट्समध्ये जाऊन चालू करा, वेलांट्या एकदम गुळगुळीत होतात.

रंगाचं काम असेल तर ब्राइटनेस खाली आणा. या स्क्रीन २५० निट्सच्या (निट्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास असतात, डबा १०० च्या जवळपास, त्यामुळे कुंकवाचा लाल स्क्रीनवर भडक दिसतो आणि छापून आला की मळकट वाटतो. मी एक जुनी छापलेली पत्रिका शेजारी धरली आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत कमी करत गेलो. स्वस्त स्क्रीनमध्ये टीएन प्रकारचं पॅनल असतं, त्यात जरा वरून बघितलं की रंग बदलतो, जमलं तर आयपीएस प्रकारचं पॅनल घ्या.

पुसायला काचेचा स्प्रे आणि पेपर नको, मऊ कपडा किंचित ओला करून पुसा.

विजेचं म्हणाल तर डबा ७५ वॅटच्या आसपास खायचा, नवीन एलईडी २० च्या आसपास. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १३२ युनिट वाचतात. लाइट गेल्यावर यूपीएसही जास्त वेळ टिकतो, फाइल निवांत सेव्ह होते.

आणि जुना डबा कृपा करून उघडू नका, रस्त्यावर भंगारातही देऊ नका. आत २० हजार व्होल्टच्या वर व्होल्टेज असतं आणि बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो. भंगारात मागच्या तांब्यासाठी ट्यूबची मान फोडतात, आतली पावडर उडते आणि काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०१२ पासून लागू आहेत, मान्यताप्राप्त रिसायकलरची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते, तिथेच द्या. उचलताना काच छातीकडे करून उचला, बहुतेक वजन पुढच्या काचेतच असतं.